तार का तुटत होती

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं कुणी विचारलं तर मी माझ्या मामीचं नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा वडिलांचं सांगेल, नाहीतर एखाद्या गुरुजींचं. वडिलांनी मला शाळेत घातलं, गुरुजींनी शिकवलं, दोघांचेही उपकार आहेत. पण चिंताकी या आमच्या गावाहून सातवी होऊन मी बिदरला आलो तेव्हा ज्या घरात मला एक ताट, एक सतरंजी आणि खिडकीखाली वह्या ठेवायला जागा मिळाली ते घर मामीचं होतं. मामा पाटबंधारे खात्यात कारकून होते. घर बिदरच्याच मैलूर भागात, दोन खोल्यांचं. त्यात मामा, मामी, त्यांचे दोन मुलगे आणि मी. धाकटी मुलगी नंतर झाली, मी नववीत असताना. मामीनं मला कधी पाहुणा मानलं नाही. तिच्या मुलांना जेवढं रागवायची तेवढंच मला. पाच वर्षं मी त्या घरात काढली.

पीयूसीला, म्हणजे बारावीला, मार्क बरे पडले, पण मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. दंतवैद्यकाला मिळत होती. हे कुणालाच पटेना. आमच्या गावाकडं दात दुखला तर लवंग, आणि फारच दुखला तर बाजाराच्या दिवशी चिमटा घेऊन बसणारा माणूस. तेवढ्यासाठी पाच वर्षं कॉलेजात घालवायची, हे वडिलांना समजत नव्हतं. मामा म्हणाले, "त्यापेक्षा बी.एस्सी. कर, मास्तर हो."

मामी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माणसाला डोळे दोन अन् दात बत्तीस. मग काम कुणाला जास्त मिळंल?"

मामा हसले आणि तिथंच ते ठरलं. मी दूर दक्षिणेत शिकायला गेलो.

शिकून आल्यावर गुलबर्ग्याला एका डॉक्टरांच्या हाताखाली लागलो. वेडेवाकडे दात तारेनं ओढून सरळ करणं हे त्यांचं खास काम. मोठ्या शहरात शिकून ते आपल्या गावी परत आले होते. घरी कन्नड, पेशंटशी दखनी उर्दू आणि माझ्याशी तिन्ही भाषांची खिचडी, असं त्यांचं बोलणं. मी त्यांना सर म्हणायचो. सात वर्षं मी त्यांच्याकडे होतो आणि कॉलेजात न कळलेल्या कितीतरी गोष्टी तिथं कळल्या.

हे काम वाचकांपैकी अनेकांनी पाहिलं असेल, तरी थोडक्यात सांगतो. प्रत्येक दातावर धातूचा एक बारीक ठोकळा चिकटवतात. त्या ठोकळ्याला खाच असते. सगळ्या खाचांतून एक तार ओवतात. तारेला स्वतःचा आकार असतो, चांगल्या जबड्यासारखा कमानदार. वाकड्या दातांमुळे ती वाकते, आणि पुन्हा आपल्या आकारात यायची तिची धडपड सुरू होते. त्या धडपडीत दात हळूहळू सरकतात. सगळं काम तार करते. डॉक्टरनं फक्त धीर धरायचा, असं सर म्हणत.

आम्ही स्टीलची तार वापरायचो. ती चिवट आणि भरवशाची, पण फार वाकवली की वाकलेलीच राहते. मग ती काढायची, पक्कडीनं नवे वळसे द्यायचे, पुन्हा बसवायची. एकदा सरांचा एक वर्गमित्र परदेशातून आला आणि त्यानं नव्या तारेचं एक पाकीट दिलं. निकेल आणि टायटॅनियम या दोन धातूंची ती तार. दिसायला तशीच, राखाडी. पण बोटाभोवती गुंडाळून सोडली की पुन्हा सरळ. कितीही पिरगाळा, काही झालंच नाही अशी उभी. मी तिचा एक तुकडा शर्टाच्या खिशात घेऊन आठवडाभर हिंडत होतो. हॉटेलवाल्याला दाखवला, बसच्या कंडक्टरला दाखवला. कंडक्टरनं तिला दोन-तीनदा गाठ मारायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "हे तार हाय का माझा साडू हाय?"

नवी तार घातलेल्या मुलांना मी गुळण्यांचं औषध द्यायचो. तारा घातल्या की ठोकळ्यांच्या कडेला अन्न अडकतं, ब्रश नीट पोचत नाही, आणि दातांवर पांढरे डाग पडून कीड लागायला सुरुवात होते. त्यावर फ्लोराइडच्या गुळण्या. सोडियम फ्लोराइडची पूड मी छोट्या तराजूवर तोलायचो, बाटलीतल्या शुद्ध पाण्यात विरघळवायचो, त्यात थोडा गुलाबी रंग आणि पेपरमिंट. चव तरीही वाईटच. घोटभर घ्यायचं, तोंडात मिनिटभर खेळवायचं, थुंकायचं. गिळायचं नाही. आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, म्हणजे औषधाला दातावर बसायला वेळ मिळतो.

एका दिवशी खेड्यातला एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. आमच्या भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि लहानपणापासून ते पाणी प्यायलं की असे दात होतात. मी त्याला हे समजावलं. मग त्याच्या मुलाच्या हातात गुळण्यांची बाटली दिली आणि औषधाचं नाव सांगितलं. त्यानं ती मुलाच्या हातातून घेतली.

"डॉक्टरसाब, आमच्या बोअरात हाय म्हणलाव ते हेच का?"

"व्हय, हेच. पण तुमच्या गावात ते रोज पोटात जायलंय. हे थोडंसं तोंडात फिरवून थुंकायचं."

"म्हणजे आमच्याकडं असलं तर रोग, तुमच्याकडं आलं तर औषध."

त्या माणसानं माझ्या डोक्यात एक गोष्ट सोडून दिली. एकच पदार्थ, किती, कुठं, कशाबरोबर, यावर तो काय करेल ते ठरतं. दातावर तो काय करतो ते पुस्तकात होतं. तोंडात दाताशिवाय आणखी काय काय असतं त्याचं मी तेव्हा काही मनात आणलं नाही.

याच सुमारास मामीचं पत्र आलं. तिची धाकटी मुलगी तेरा वर्षांची झाली होती. वरचे दात पुढं आलेले, त्यात एक सुळा दुसऱ्या दातावर चढलेला. मुली चिडवायच्या. ती बोलताना तोंडावर तळवा धरायची, आणि वर्गात उभं करून वाचायला सांगितलं की गप्प राहायची. बाईंना वाटलं, हिला वाचताच येत नाही. मामीनं लिहिलं होतं, "तुझ्याकडं तारा बसवतात असं कळलं. पोरीला तुझ्याच हाती द्यायचं ठरवलं आहे."

मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. त्या घरासाठी काही करायची ही माझी पहिलीच वेळ होती. सरांना विनंती केली की हिला नवी तार घालू. सरांनी तिचं तोंड पाहिलं, म्हणाले, "अच्छा केस है. डाल."

मामा तिला दर महिन्याला सकाळच्या गाडीनं घेऊन यायचे, हुमनाबादवरून, तीन-साडेतीन तासांचा रस्ता. पहिल्या दिवशी मी तिला सगळ्या सूचना सांगितल्या. भुईमुगाच्या शेंगा नाहीत, फुटाणे नाहीत, ऊस नाही, कच्चा पेरू नाही. गुळण्या सकाळ-संध्याकाळ, त्यानंतर अर्धा तास काही नाही. तिनं हे सगळं वहीत लिहून घेतलं, अक्षर मोत्यासारखं. म्हटलं, हिला वाचता येत नाही म्हणणाऱ्या बाईंना ही वही दाखवावी.

पहिल्या महिन्यात सुळा दिसण्याइतका सरकला. दुसऱ्या महिन्यात ती आली तर तार सुळ्याच्या मागं तुटलेली.

सरांनी आधी शेंगांचं विचारलं, "फल्ली खाई?"

"न्हाई."

"गन्ना?"

"न्हाई जी."

सरांनी नवी तार घातली. तीही तुटली. एकदा तुटली तर तारेचा दोष म्हणता येतो. दुसऱ्यांदा तुटली की डॉक्टर पेशंटकडं बघतो. मी तिला बाजूच्या खोलीत नेलं.

"खरं सांग. मी कुणाला सांगत न्हाई."

"खरंच सांगायले की दादा. शेंगेला हात लावले न्हाई मी."

"मग तार काय आपोआप तुटायली? दुसऱ्यांच्या कामून तुटत न्हाईत?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कबुलीसारखं वाटलं. मी बाहेर येऊन मामांना तिच्यासमोरच म्हणालो, "घरी लक्ष ठेवा. ही चोरून खायली." आणि तिच्या कार्डावर लिहिलं की पेशंट सूचना पाळत नाही. मामा मान खाली घालून उभे राहिले. ते सरकारी नोकर, कुणाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती, पण भाच्याकडून ऐकायची नव्हती. मुलीनं जाताना तोंडावर तळवा धरला. तारा घातल्यापासूनच्या पहिल्या महिन्यात ती सवय जवळजवळ गेली होती.

तिसरी तार तीन आठवड्यांतच तुटली. आधीपेक्षा लवकर. हे मला विचित्र वाटलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ज्या मुलीला बोलणी बसली तिनं उलट जास्त खाल्लं? पण मी त्याचा अर्थ हट्टीपणा असा लावला.

सर वैतागले होते. पाकिटात मोजक्याच तारा उरल्या होत्या आणि दुसरी मुलं थांबली होती. "सब निकाल देंगे," ते म्हणाले. "अर्ध्यावर तारा राहिल्या की दात वाकडे ते वाकडे, वर कीड लागंल. घरच्यांना तू सांग. तुझे लोक आहेत."

म्हणजे सुळा तसाच राहणार, पुढचे दात तसेच, आणि शाळेत मुली म्हणणार की हिला डॉक्टरनंही हाकललं. हे मामीला जाऊन सांगायचं होतं. पत्रानं सांगणं बरं दिसत नव्हतं. रविवारी मी बिदरची गाडी धरली.

ऊन फार होतं. मैलूरला पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागलं. मामीनं पाणी दिलं, मी खिशातली डोकेदुखीची गोळी घेतली. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मामीनं मला बोलायला वेळच दिला नाही.

"पोरगी काय खायली, हेच विचारायला आलास ना? सांगते. भाकरी दुधात कुस्करून देते. शेंगा घरात आणल्याच न्हाईत. चटणी सुदिक कारळाची करायले, मामाला तुझ्या आवडत न्हाई तरी. पेरूवाला दारात आला तर मी हाकलून देते. आणखी काय पहारा ठेवू, पोलीस बसवू का?"

"मामी, पण तार तुटायली ना."

"तुटायली की. मग कामून तुटायली? डॉक्टर तू हाईस का मी?"

मामा वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते.

संध्याकाळचे पाच वाजले तशी मुलगी बाटली घेऊन बाहेर आली. मला न बघता मोरीपाशी उभी राहिली. घोट घेतला, भिंतीवरच्या घड्याळाकडं डोळे लावून पूर्ण मिनिटभर तोंडात खेळवला, थुंकली. इतक्या काटेकोरपणे गुळणी करणारा पेशंट मी दवाखान्यातही पाहिला नव्हता. तोंड वाकडं करून ती परत फिरली. मामीनं फळीवरचा डबा काढला, झाकण उघडून तिच्या हातात एक चिगळी दिली. मग माझ्याकडं वळून मलाही एक दिली. "तू बी गोळी घेतलास ना आत्ता. धर."

चिगळी म्हणजे चिंच, गूळ, मीठ, जिरं आणि थोडी मिरची एकत्र कुटून केलेला गोळा, कोऱ्या खराट्याच्या काडीवर लावलेला. मामीचं माहेर गुलबर्ग्याकडचं, तिकडं घरोघर करतात. चोखत बसलं की अर्धा-पाऊण तास पुरते. मामीच्या घरात कडू औषधावर चिगळी हा नियमच होता. ताप असो, जुलाब असो, औषध पोटात गेलं की काडी तोंडात. मळमळ थांबते, चव बदलते. मीही ती तोंडात धरली आणि डोक्याचा ठणका थोडा विसरलो.

थोड्या वेळानं मी मुलीला हाक मारली. ती दारात उभी राहिली.

"गुळणी झाल्यावर अर्धा तास काही खात न्हाईस ना?"

"न्हाई." तिच्या ओठांतून काडी बाहेर आलेली होती.

"पाणी?"

"पाणी बी न्हाई."

ती अगदी खरं बोलत होती. मलाही त्या क्षणी कुणी विचारलं असतं की गोळी घेतल्यावर काही खाल्लं का, तर मी नाही म्हणालो असतो, तोंडात चिगळी असताना. त्या घरात चिगळी खाण्यात धरतच नाहीत. एकादशीलाही ती चालायची. ती औषधाचाच भाग. पाच वर्षं त्या घरात राहून मीही तेच शिकलो होतो, आणि म्हणूनच सूचना सांगताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या गावचा डॉक्टर असता तर त्यानं तिच्या तोंडातली काडी बघून लगेच विचारलं असतं.

"रोज देतीस का मामी?"

"पहिल्यापासून. गुळणी झाली की एक. तुम्ही पोरीला बोललाव तवापासून दोन, एक संपली की दुसरी. शेंगा बंद, ऊस बंद, पेरू बंद. लेकराच्या तोंडाला काय तरी पायजे का नको?"

बोलणी बसल्यापासून दोन. आणि तिसरी तार लवकर तुटली होती.

मला लगेच सगळं उमगलं असं नाही. चिंचेनं दात आंबतात, तार कशी तुटेल? आमच्या अख्ख्या भागात चिंच खातात. पण पीयूसीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांचं एक वाक्य आठवलं. फ्लोराइड आम्लाबरोबर आलं की ते वेगळंच होतं, काचेलाही खातं, म्हणून तसली आम्लं प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. फ्लोराइड मी देत होतो. आम्ल मामी देत होती. दोन्ही तिच्या तोंडात पाठोपाठ जात होती, दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास.

खात्री नव्हती, म्हणून काही बोललो नाही. मामीला दोन चिगळ्या मागितल्या.

"दोन कशाला, चार घे. एवढा मोठा डॉक्टर झालास अन् अजून चिगळी मागायलास." मामी बऱ्याच वेळानं हसली. मी जे सांगायला आलो होतो ते न सांगताच निघालो.

गुलबर्ग्याला दवाखान्याखाली एक फोटो स्टुडिओ होता. कॅमेऱ्याच्या रोळाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्या तिथं ढिगानं पडलेल्या असत. मी आठ आणल्या. चारांत नव्या तारेचे तुकडे टाकले, चारांत स्टीलच्या तारेचे. प्रत्येक चारांतली एक साध्या पाण्याची, एक गुळण्यांच्या औषधाची, एक चिगळी विरघळवलेल्या पाण्याची, आणि एकीत औषध व चिगळी दोन्ही. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. रोज सकाळी पाणी बदलायचो आणि तारा भिंगाखाली धरायचो. सर येता-जाता म्हणायचे, "क्या रे, लोणचं घातलास का?"

चौथ्या दिवसापर्यंत मला तारांतला फरक ओळखू येत नव्हता, आणि पाचव्या दिवशी चुकणं शक्यच राहिलं नाही. पाण्यातली नवी तार जशीच्या तशी. चिगळीच्या पाण्यातली जवळजवळ तशीच. नुसत्या औषधातली किंचित निस्तेज, तीही भिंगातूनच कळेल एवढी. आणि औषध-चिगळीच्या डबीतली काळपट, भिंगातून देवीच्या व्रणांसारखे खड्डे. बोटाला गुंडाळायला गेलो तर तटकन तुटली. जिला कंडक्टरला गाठ मारता आली नव्हती ती. स्टीलच्या चारही तारा मात्र वाकवल्या तशा वाकल्या. मिश्रणातल्या तारेची चमक थोडी गेली होती, एवढंच.

फार वेळ मी तो तुटका तुकडा हातात धरून बसलो. माझी चूक सापडल्याचं वाईट वाटायला हवं होतं आणि ते वाटलंही, पण आधी वाटलं ते नवल. या नव्या धातूवर हवेनंच एक पातळ साय धरलेली असते, आणि तीच त्याला जपते, एवढं मी वाचलं होतं. नुसतं फ्लोराइड त्या सायीला फारसं काही करत नाही, नुसती चिंच करत नाही, आणि दोघं मिळून ती काढून टाकतात. मग धातू उघडा पडतो, ठिसूळ होतो. पुढं दंतवैद्यांच्या पुस्तकांतही असं येऊ लागलं. तेव्हा माझ्यापाशी आठ डब्या होत्या.

सरांना दाखवलं. त्यांनी पक्कडीनं एक तुकडा वाकवला, तो तुटला. दुसरा वाकवला, तोही तुटला. बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"डब्बी मुँह नहीं है," ते म्हणाले. "तोंडात लाळ असते. धुऊन नेते."

"व्हय सर. पण हिच्या तोंडात अर्धा तास चिगळी असते."

"हम्म." मग भिंग खाली ठेवून, "आणि तुझ्या तोंडात बी होती म्हणतोस, तरी तुला दिसली नाही."

"न्हाई सर."

"बरं झालं मी गावाकडचा असिस्टंट ठेवला. शहरातल्याला चिगळी काय ते माहीत नसतं." ते हसले, पण माझं समाधान करायला हसले. मग म्हणाले, तारा काढायच्या नाहीत. या मुलीला स्टीलची तार घाल. वेळ जास्त लागेल, फेऱ्या जास्त होतील, पण काम होईल. मी कार्ड काढलं आणि त्यांच्यासमोर ती ओळ खोडली.

काम झालं, पुढं दोन वर्षांनी. स्टीलची एकही तार तुटली नाही. पण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला आधी मामीला लिहायचं होतं. पहिल्या कागदावर मी लिहिलं की तार चिगळीनं तुटली. वाचून पाहिलं तर दोष मामीच्या डब्यावर जात होता. फाडलं. दुसऱ्यावर सगळं रसायनशास्त्र लिहिलं. ते वाचून दोष कुणावरच जात नव्हता, तेही फाडलं. तिसरं पाठवलं. त्यात प्रयोग लिहिला होता म्हणून सर म्हणाले नक्कल ठेव, आणि म्हणूनच ते आज माझ्याजवळ आहे.

तीर्थरूप मामीस,

नमस्कार. रविवारी मी जे सांगायला आलो होतो ते न सांगता परत आलो. सांगायचं होतं ते असं, की तारा काढून टाकणार आहोत. आता काढणार नाही. म्हणून काळजी करू नकोस.

तार का तुटत होती ते कळलं. गुळण्यांचं औषध आणि चिंच एकापाठोपाठ तोंडात गेली की त्या नव्या तारेला ते दोघं मिळून खातात. एकटं औषध असं करत नाही, एकटी चिंचही नाही. मी डब्यांत तारा घालून पाच दिवस बघितलं. माझ्या हातातही तशीच तुटली.

यात तुझी चूक नाही. औषधावर चिगळी तू मलाही देत होतीस, आणि म्हणूनच ती खाण्यात धरायची असते हे मला सुचलं नाही. औषध देणारा मी होतो. अर्धा तास म्हणजे काय, हे मी नीट सांगायला हवं होतं, आणि तार तुटल्यावर मी विचारायला हवं होतं की गुळणीनंतर तू काय करतेस. मी विचारलं ते शेंगांचं.

तिनं एकदाही खोटं सांगितलं नाही. तिन्ही वेळा खरं सांगितलं. मी तिला मामांच्या समोर चोर म्हणालो, म्हणून हे पत्रही मामांच्या समोर मोठ्यानं वाच, तिला बसवून. कार्डावर मी तिच्याबद्दल लिहिलं होतं ते सरांसमोर खोडलं आहे.

आता करायचं ते एवढंच. गुळणी चालू ठेवायची. त्यानंतर अर्धा तास तोंडात काहीही नाही, चिगळीही नाही, लवंगही नाही. चिगळी द्यायचीच असेल तर दुपारी जेवणाबरोबर एखादी दे, आणि मग तिला दात घासायला लाव, कारण त्यात गूळ असतो. भाकरी दुधात कुस्करायची गरज नाही, मऊ भाकरी चालते. मामांना शेंगांची चटणी कर. तिनं खाल्ली तरी बारीक कुटलेली चालेल.

नवी तार आता घालणार नाही, साधी स्टीलची घालू. तिला वेळ जास्त लागेल, हे तिला आधीच सांग, म्हणजे नंतर तिला वाटायला नको की पुन्हा काही बिघडलं.

गुरुवारी तिला पाठव. मामांना रजा मिळत नसेल तर मी हुमनाबादपर्यंत घ्यायला येतो. ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, पण यायला सांग. मी सकाळपासून दवाखान्यातच आहे.

तुझा भाचा